लेखकाचा रकाना

संशोधनपत्रिकेच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूस 'लेखकांसाठी सूचना' या मथळ्याखाली जो बारीक टंकातील मजकूर असतो, तो लेख पाठविणाऱ्याखेरीज कोणी वाचत नाही. आणि पाठविणाराही तो बहुधा लेख परत आल्यावरच वाचतो. आपल्याकडे निबंधाची भूमिका, भाषा, विवेचन यांवर चर्चा होते. संदर्भसूची ही मात्र रात्री उशिरा, टंकलेखकाच्या शेजारी बसून, हाताशी असतील त्या पुस्तकांची नावे सांगत पुरी करावयाची गोष्ट मानली जाते. गेली काही वर्षे विद्यार्थ्यांचे निबंध पत्रिकांकडे रवाना होण्यापूर्वी नजरेखालून घालण्याचे काम आमच्याकडे आहे, त्यामुळे हा बारीक टंक वाचणे आम्हांस भाग पडले. लेखक कोण, लेखन केव्हाचे, ते कोठे सापडेल, असे तीनच प्रश्न त्यात पुनःपुन्हा विचारलेले असतात. आमचे म्हणणे इतकेच की, हे प्रश्न दिसतात तितके कारकुनी नाहीत. मराठी वाङ्मयाच्या बाबतीत तर त्यांची उत्तरे भरता भरता एखादा माणूस वाङ्मयाच्या इतिहासातून बाहेर पडू शकतो.

आधी वरवरच्या गोष्टी उरकून घेऊ. लेख बारा पॉइंटांत, टाइम्स न्यू रोमन या टंकात, दुहेरी अंतराने, चहूबाजूंस एक इंच समास सोडून पाठवावा, अशी सूचना मराठी लेखांसाठीही सर्रास दिलेली आढळते. टाइम्स न्यू रोमनमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत. संगणक मुकाट्याने दुसराच कोणता तरी टंक वापरतो आणि संपादक व लेखक दोघेही नियम पाळला गेल्याच्या समाधानात राहतात. ग्रंथनामे तिरप्या अक्षरांत द्यावीत, हा दुसरा आग्रह. रोमन लिपीत तिरप्या अक्षरांचे वळण स्वतंत्रपणे घडलेले आहे. देवनागरीत संगणक सरळ अक्षरेच कलती करून देतो आणि 'स्मृतिचित्रे' वाऱ्याने झुकलेल्या ज्वारीसारखी दिसू लागतात. मराठी छापखान्यांनी ग्रंथनामासाठी एकेरी अवतरणचिन्ह किंवा ठळक टंक वापरण्याची रीत केव्हाच पाडली होती व ती पुरेशी आहे. गंमत अशी की, मॉडर्न लँग्वेज असोसिएशन म्हणजे एमएलए या ज्या अमेरिकन संस्थेच्या नावाने हा आग्रह धरला जातो, तिच्या हस्तपुस्तिकेतही २००९ पर्यंत ग्रंथनाम अधोरेखित करण्याचीच पद्धत होती, कारण टंकलेखनयंत्रावर तिरपी अक्षरे उमटत नसत. यंत्राची अडचण तेथे नियम झाली आणि यंत्र बदलल्यावर नियमही बदलला. आपण मात्र दोन्ही वेळा केवळ नियम उचलला.

टंकांच्या जुन्या गोंधळाविषयी फार लिहावयास नको. श्री-लिपी, कृतिदेव यांत घडविलेले निबंध दुसऱ्याच्या संगणकावर रोमन अक्षरांचा चिवडा होऊन उघडत, हे ज्यांनी भोगले त्यांना सांगण्याची गरज नाही. युनिकोडची सक्ती ही या सूचनांतील निर्विवाद चांगली गोष्ट. एक कडवट तळटीप तेवढी जोडतो: वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला जुन्या टंकातील मजकूर निरर्थक रोमन अक्षरांसारखाच दिसतो, त्यामुळे तो कितीही उचललेला असला तरी सहज निसटतो. युनिकोडमध्ये प्रामाणिकपणे अभंग उद्धृत करणारा विद्यार्थी सापडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य ठरविले आहे. श्रेय देऊन केलेली उद्धृते त्या मोजणीतून वगळावीत, असेही विनियमांतच म्हटले आहे. सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्यही धरू नये, अशी मुभा आहे. ज्ञानेश्वरीतील ओवी बहुधा चौदा शब्दांच्या आतच संपते. तुकोबांचा अभंग संपत नाही. प्रत्यक्षात गाळण्या न लावता काढलेला आकडा समोर ठेवून 'अभंग कमी करा' असे विद्यार्थ्याला सांगणारी मंडळी आम्ही पाहिली आहेत. अभंगांवरच्या निबंधात अभंग कमी करावयाचे म्हणजे काय करावयाचे, हे त्यांनी सांगितले नाही.

हे नियम आले कोठून, ते थोडे पाहणे उपयोगाचे आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची, म्हणजे एपीएची, लेखनपद्धती १९२९ मध्ये संघटनेच्या एका नियतकालिकात सात पानांचा लेख म्हणून प्रसिद्ध झाली. तिची २०१९ मध्ये निघालेली सातवी आवृत्ती चारशेहून अधिक पानांची आहे. एमएलएचे पहिले लेखनपत्रक १९५१ चे, हस्तपुस्तिका १९७७ ची, आणि तिची नववी आवृत्ती २०२१ ची. शिकागो पद्धतीचा ग्रंथ त्याहून जुना, १९०६ चा. एपीए पद्धतीत लेखकापाठोपाठ लगेच वर्ष येते, कारण प्रायोगिक शास्त्रात कालचा प्रयोग परवाच्या प्रयोगाला मागे टाकीत असतो. वाचकाला आधी ताजेपणा कळला पाहिजे. साहित्यात ताजेपणाचा असा काही अधिकार नाही, म्हणून एमएलएने वर्ष नोंदीच्या शेवटाकडे ढकलले. दोन्ही पद्धतींमागे आपापला विचार आहे. आपल्याकडील पत्रिका त्यांतील एक निवडतात, तेव्हा हा विचार झालेला असतोच असे नाही. पुष्कळदा शेजारच्या वाणिज्य किंवा शिक्षणशास्त्र विभागाचा नमुना उचललेला असतो.

मूळ हस्तपुस्तिका चाळल्या की त्या चांगल्याच लवचीक असल्याचे दिसून येते. मूळ प्रकाशनवर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष दोन्ही द्या, अभिजात ग्रंथांना पृष्ठाऐवजी अध्याय-श्लोक सांगा, टोपणनावापुढे चौकटी कंसात खरे नाव घाला, अशा सवलती त्यांत जागोजागी आहेत. त्यांचे पानभर सार काढताना सवलती गळतात आणि हुकूम तेवढे उरतात. त्या सारावर पुन्हा संकेतस्थळाचा अर्ज बेततात. अर्जात लाल तारका लावलेला रकाना रिकामा ठेवला तर पुढचे पान उघडतच नाही. नियमापेक्षा नियमाचा सारांश अधिक क्रूर असतो, हे आम्ही येथेच शिकलो.

आणि हे सारे जिव्हाळ्याचे का झाले, तेही नोंदवून ठेवू. २०१९ मध्ये आयोगाने मान्य पत्रिकांची 'केअर' सूची आणली. पदोन्नती आणि पीएच.डी. यांची दोरी त्या सूचीतील छापील नावाला बांधली गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती सूची बंद केल्याचे जाहीर करून पत्रिकांची पारख संस्थांवर सोपविली. सूची गेली, पण तिच्या काळात तयार झालेली सूचनापत्रके राहिली आहेत.

आता वर्षाचा रकाना. एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तकांवर पुष्कळदा शके असतो. अठ्ठ्याहत्तर मिळविले की इसवी सन येतो, असे विद्यार्थ्याला सांगून आपण मोकळे होतो. परंतु माघ शके १८३१ चा अंक असेल तर तो १९१० मधला, १९०९ मधला नव्हे. शकाचे वर्ष चैत्रात बदलते, जानेवारीत नाही. एका वर्षाचा फरक क्षुल्लक वाटेल. आधी कोणी लिहिले, कोणाचा लेख कोणाला उत्तर म्हणून आला, असा वाद असेल तेव्हा तो क्षुल्लक राहत नाही. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की, पुस्तकावर जे छापले आहे ते आधी जसेच्या तसे उतरवा, इसवी सन नंतर कंसात द्या. पत्रिका बहुधा पहिले काढून दुसरे ठेवते.

यापेक्षा गंभीर प्रकार पुनर्मुद्रणाचा. ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ ची. जवळजवळ विस्मृतीत गेलेले हे पुस्तक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा उजेडात आणले. विद्यार्थ्याच्या हाती पडते ती ही प्रत किंवा तिच्या नंतरची. सूचनापत्रक सांगते : वापरलेल्या प्रतीचे वर्ष द्या. मग निबंधात कंस पडतो तो 'शिंदे, १९७५' असा. संदर्भ बिनचूक आहे आणि इतिहास साफ उलटा. आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या उत्साहात एक बाई रागावून लिहीत्या झाल्या, असे पुढच्या वाचकाने समजून घेतले तर त्याला दोष कसा द्यावा? त्र्याण्णव वर्षांचे मौन त्या कंसात गडप झालेले असते. मालशे यांचे नाव तर रकान्यातच नसते, म्हणजे ज्यांनी मौन मोडले तेही गेले. मूळ एपीए पद्धतीत '१८८२/१९७५' असे जोडवर्ष देण्याची सोय आहे. आम्ही ते द्यावयास लावतो, आणि मधली तिरपी रेघ मुद्रितशोधनात चूक म्हणून काढली जात नाही ना, याकडे लक्ष ठेवतो.

लेखकाच्या रकान्याशी आलो की प्रकरण खोल जाते. ज्ञानेश्वरी घ्या. प्रचलित प्रतींच्या शेवटच्या ओवीत ग्रंथाने स्वतःची संदर्भनोंद स्वतःच देऊन ठेवलेली आहे : शके १२१२, टीका करणारे ज्ञानेश्वर, आणि आदराने लेखक झाले ते सच्चिदानंदबाबा. म्हणजे त्या ओवीच्या भाषेत 'लेखक' हे पद लिहून घेणाऱ्याचे आहे. ज्ञानेश्वरांकडे आहे ते 'करणे'. आपल्या अर्जातील 'लेखक' या रकान्यात कोणी सच्चिदानंदबाबांचे नाव घातले तर त्याला हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे लागेल. पुढे शके १५०६ मध्ये एकनाथांनी पाठ शुद्ध केला, त्याचाही काळ ओव्यांतच नोंदविला, आणि या पाठात आपली ओवी घालणाऱ्याला अमृताच्या ताटात करवंटी ठेवणारा म्हटले. संपादकीय धोरण इतक्या थोडक्यात आणि इतक्या धाकाने सांगणारे दुसरे सूचनापत्रक आमच्या पाहण्यात नाही.

आज या ग्रंथाचा संदर्भ देताना 'ज्ञानेश्वर' हे लेखक, अमुक संपादक, अमुक प्रकाशन, पृष्ठ अमुक, असे मागितले जाते. वास्तविक मराठी वाचकाला 'ज्ञा. १८' आणि ओवीचा क्रमांक एवढे पुरते. मात्र कोणत्या प्रतीतला क्रमांक, तेही सांगितले पाहिजे. राजवाड्यांच्या प्रतीतील आणि सांप्रदायिक प्रतींतील ओवीसंख्या जुळत नाही. तुकारामांच्या बाबतीत तर ही अट प्राणभूत आहे. विष्णु परशुराम शास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली, सरकारी साह्याने १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघालेली गाथा ४६०७ अभंगांची आहे. इतर गाथांत संख्या वेगळी, क्रम वेगळा, आणि काही अभंग एकीत आहेत, दुसरीत नाहीत. 'तुकाराम, पृ. २१४' हा संदर्भ पत्रिकेच्या दृष्टीने परिपूर्ण आणि वाचकाच्या दृष्टीने निरुपयोगी असतो.

रोमन लिपीतील पत्रिकेकडे निबंध पाठवावयाचा तर आणखी एक मौज. आपण ज्ञानेश्वरांचा उच्चार 'द्न्या'ने करतो, म्हणून एका सूचीत ते 'डी'खाली सापडतात. संस्कृतच्या लिप्यंतरपद्धतीने ते 'जे'खाली जातात. मोठ्या ग्रंथालयांच्या तालिकांत तुकारामांच्या शेवटी एक जास्तीचे 'ए' अक्षर लागते. एकाच निबंधात ज्ञानेश्वर दोन ठिकाणी विभागलेले आम्ही पाहिले आहेत. पण ही गैरसोय झाली, अन्याय नव्हे. ज्ञानेश्वर हरवणार नाहीत.

जनाबाई हरवू शकतात. त्यांचे अभंग नामदेवगाथेच्या छापील आवृत्त्यांत जोडून येत राहिले आहेत. संदर्भ द्यावयाचा तो गाथेचा, गाथा नामदेवांची, म्हणून कंसात 'नामदेव' असे पडते. अभंगाच्या शेवटी नामयाची जनी अशी जिने आपली ओळख सही करून दिली, तिची सही अभंगात आणि संदर्भात दुसऱ्याचे नाव, असा हा प्रकार आहे. मुद्रिका म्हणजे संदर्भपद्धतच होती. कागद फाटला, पाने इकडची तिकडे झाली, गाणाऱ्याने चाल बदलली, तरी कर्ता शेवटच्या चरणात राहतो. ती नोंद मजकुराच्या पोटात असल्यामुळे कोणत्याही मुद्रकाला सहजासहजी काढता आली नाही. खोट्या मुद्रिकाही झाल्या, हे मान्य. खोट्या तळटीपाही होतात.

नावाच्या मागणीची दुसरी बाजूही आहे. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ मध्ये आले ते विभावरी शिरूरकर या नावाने, आणि या नावामागे कोण, याविषयी महाराष्ट्रात केवढे कुतूहल, केवढा संताप उसळला. ते नाव बाळूताई खरे यांनी ढाल म्हणून घेतले होते. पुढे त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. एका पत्रिकेच्या सूचनेत 'टोपणनाव टाळून लेखकाचे मूळ नाव द्यावे' असे आम्ही वाचले. त्याप्रमाणे सूचीत 'बेडेकर, मालती' लिहिले तर १९३३ मध्ये अस्तित्वातच नसलेले नाव त्या पुस्तकाला चिकटते. 'खरे' लिहिले तर त्यांनी जे झाकले होते ते आपण उघडे करतो. त्यांनी मुखपृष्ठासाठी जे नाव निवडले, त्याखालीच ते पुस्तक सूचीत असावे. केशवसुत, बी, ग्रेस यांना कोणी दामले, गुप्ते, गोडघाटे म्हणून शोधत नाही, मग या एका नावालाच ही चौकशी का, असा प्रश्न आमच्या मनात आला होता आणि अजून आहे.

ज्या प्रसंगामुळे हे सारे लिहावयास घेतले तो आता सांगतो. आमच्या एका विद्यार्थिनीने आपल्याच गावातील नऊ बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. गिरणी आल्यापासून जाती अंगणात उलथी पडलेली. पण ओव्या तोंडात होत्या. त्यांवर तिने चांगला निबंध लिहिला आणि प्रत्येक ओवीखाली गाणारीचे नाव, गाव आणि मुद्रणाचा दिवस दिला. ज्या पत्रिकेकडे तो पाठविला तिची पद्धत एपीए. निबंध परत आला. संदर्भसूचीत प्रकाशक व वर्ष नसलेल्या तेवीस नोंदी आहेत, त्या काढाव्यात. प्रत्यक्ष भेटीत मिळालेली माहिती हा 'व्यक्तिगत संवाद' होय आणि व्यक्तिगत संवाद सूचीत घेत नाहीत, तो फक्त मजकुरातील कंसात सांगावा, असा शेरा होता.

शेरा नियमाला धरून होता, हे आधी सांगितले पाहिजे. एपीए पद्धतीची धारणा अशी की, सूचीत तेच असावे जे दुसऱ्या वाचकाला मिळविता येईल. पत्र, दूरध्वनी, भेट यांतील बोलणे कोणाला पुन्हा मिळणार? धारणा तर्कशुद्ध आहे. तिच्या सातव्या आवृत्तीने आदिवासी समूहांच्या मौखिक ज्ञानासाठी वेगळी वाटही काढून दिली आहे, परंतु पानभराच्या सारांशात ती वाट उतरलेली नव्हती. पत्रिकेच्या संपादकांनी सौजन्याने आणखी एक तोडगा सुचविला. तेवीसपैकी काही ओव्या थोड्याफार फरकाने साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'मध्ये छापलेल्या आहेत. त्या ग्रंथाचा संदर्भ द्यावा, म्हणजे नोंद प्रमाणित होईल.

या तोडग्याने आम्ही अस्वस्थ झालो. साने गुरुजींविषयी मनात आदरच आहे; ओव्या बायकांच्या आहेत, हे त्यांनी कधी झाकले नाही, उलट तेच सांगण्यासाठी त्यांनी संग्रह केला. परंतु संदर्भसूचीला प्रस्तावना वाचता येत नाही. तिथे लेखकाच्या रकान्यात 'साने, पांडुरंग सदाशिव' असे येणार आणि जिच्या तोंडून आमच्या विद्यार्थिनीने ती ओवी ऐकली ती बाई नाहीशी होणार. ओवीतला फरकही जाणार, आणि निबंध तर त्या फरकांवरच उभा होता. आईने गायिलेली ओवी लेकीच्या तोंडी सासरच्या गावाचे नाव घेऊन येते, हेच तर त्यात दाखविले होते. छापील प्रतीला प्रमाण मानून जिवंत पाठाला काढून टाका, असे आपण हस्तलिखितांच्या बाबतीत कधी म्हणत नाही.

या संदर्भात आम्हांस लीळाचरित्राची आठवण झाली. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन मिळविल्या, असे परंपरा सांगते. मूळ पोथी गेल्यावर हिराइसेच्या स्मरणातून पाठ पुन्हा उभा राहिला आणि तो तिच्याच नावाने ओळखला गेला. निरनिराळ्यांच्या आठवणीतील फरकांना 'वासना' म्हणत आणि तो फरक कोणाकडून आला, याची नोंद मजकुरात ठेवीत. तोंडी साधनाला नाव देऊन, भेद लपविल्यावाचून, उतरवून घेण्याची ही रीत मराठीत सात शतकांची आहे. अलीकडच्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हाँ यांनी लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर त्यांतील ओव्या प्रसिद्ध होतात, तेव्हा गाणारीचे नाव, गाव, तालुका असे सारे दिलेले असते. तेव्हा आमची विद्यार्थिनी काही नवे मागत नव्हती.

निबंध दुसऱ्या, एमएलए पद्धतीच्या पत्रिकेकडे पाठवावयाचे ठरले. तेथे मुलाखतीची नोंद सूचीत येते आणि ती मुलाखत देणाऱ्याच्या नावाने सुरू होते. एवढ्याशा फरकाने नऊ बायका सूचीच्या आत आल्या. मग निराळाच प्रश्न उभा राहिला : नाव लिहावयाचे कसे? नियम म्हणतो, आडनाव आधी. गावात या बायकांना आडनावाने कोणी ओळखत नाही. आडनाव सासरचे, ओवी बहुधा माहेरची. दोघींचे तर लग्नात पाळण्यातले नावही बदललेले. ज्या नावाने त्या ओव्या शिकल्या ते नाव आता कोणी घेत नाही. विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, आम्ही तिला त्यांनाच विचारून येण्यास सांगितले. बहुतेकींनी स्वतःचे नाव, मग गाव, असे सांगितले. आडनावाची आठवण कोणी काढली नाही. एकीने मात्र एका ओवीपुरते नाव द्यावयास नकार दिला. ओवी सासुरवासाची होती.

"बाकीच्यांना लाव माझं नाव, पोरी. त्या एकीला नको. सासू गेली, पण जाऊ अजून शेजारच्याच घरात हाय."

हा नकार आम्हांस फार मोलाचा वाटला. नाव देण्याचा आग्रह धरणारे आम्ही, आणि नावाचा अधिकार जिचा तिने तो न वापरण्याचा हक्क बजावला होता. विभावरी शिरूरकर आणि ही बाई यांत अंतर पुष्कळ आहे, ढाल तीच. त्या ओवीसाठी विद्यार्थिनीने निराळी नोंद केली : 'नाव न देण्याची इच्छा असलेली गायिका', पुढे फक्त जिल्हा आणि वर्ष. गावही गाळले, कारण गावावरून जाऊबाईंनी ओळखले असते.

निबंध स्वीकारला गेला. मुद्रिते आली तेव्हा दोन चार गोष्टी बदललेल्या होत्या. 'तत्रैव' काढून सर्वत्र पुन्हा पूर्ण संदर्भ घातले होते. ते योग्यच होते, जरी 'तत्रैव' या शब्दाचा आम्हांस लळा आहे. आठ बायकांची नावे त्यांनी सांगितली तशी, आडनावावाचून, राहिली होती. 'आडनाव अप्राप्त' असा शेरा संपादकांनी प्रत्येकीपुढे पेन्सिलीने केला होता, तो आमच्या पत्रानंतर पुसला गेला. नववीच्या बाकीच्या ओव्यांची नोंद नावानिशी जागच्या जागी होती. प्रश्न उरला तो त्या एका नोंदीच्या क्रमाचा. अकारविल्ह्यात तिला स्थान कोठे द्यावे, हे न कळल्यामुळे विद्यार्थिनीने ती सूचीच्या अगदी तळाशी, एक ओळ सोडून ठेवली होती. पत्रिकेच्या कार्यालयाने तिला नियमाप्रमाणे 'अनामिक' केले, आणि 'अ' खाली येत असल्यामुळे सूचीत सर्वांत वर छापले.